मडगार्डखालचे ठिपके

धाकट्याची पन्नाशी उलटली होती, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, गुडघे उठता-बसता कुरकुरायचे, तरी गॅरेजच्या गल्लीत त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. थोरला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, तरीही. एकदा धाकटा म्हणून नाव पडलं की माणूस म्हातारा होतो पण मोठा होत नाही, हे त्याने केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

दोघे भाऊ डेंटर. जुन्या गाड्यांचा चेपलेला पत्रा सरळ करायचा, हा धंदा. कुणी म्हणेल, त्यात काय एवढं, हातोडी घ्यायची नि ठोकायचं. असं म्हणणाऱ्याच्या हातात त्यांचे वस्ताद हातोडी द्यायचे आणि पाच मिनिटांनी हसत परत घ्यायचे. या वस्तादांची एक खोड होती. काम संपलं की, गाडी रंगाला जायच्या आधी, मडगार्डच्या आतल्या दुमडलेल्या पट्टीवर ते पंचाने, म्हणजे टोकदार लोखंडी खिळ्याने, ठिपके मारायचे. घरात जितकी पोरं, तितके ठिपके. तिथे मालकाचं लक्ष जन्मात जात नाही. "गाडी मालकाची, नाव कंपनीचं, आपली फक्त पोरं," असं ते म्हणत. वस्तादांना सात मुलं. त्यांनी केलेलं मडगार्ड खालून चाचपलं की हाताला किसणी लागल्यासारखं वाटायचं. शिष्य त्यांना दोनच, हे दोघे भाऊ. बाकी जगात हा प्रकार कुणाला ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असता तरी लोक हसले असते.

थोरला डावरा होता. त्यामुळे त्याचा ठिपका नेहमी उलट्या अंगाला कललेला असायचा. बोटांना सवय असेल तर न बघताही ओळखू यावा इतका. लेक झाली त्या दिवशी त्याने हातातल्या गाडीवर आयुष्यातला पहिला ठिपका मारला, दवाखान्यात पळाला, बायकोला आधी ठिपक्याचं सांगितलं आणि मग पोरीचं तोंड पाहिलं. वहिनी ही गोष्ट पुढे कितीतरी वेळा सांगायची. पोरीचं घरातलं नाव चिमी.

चिमी चार वर्षांची असताना थोरला एका गिऱ्हाइकाची जुनी गाडी पोचवायला म्हणून दरीच्या रस्त्याने गेला. गाडी तिसऱ्या दिवशी दरीच्या तळाला सापडली, पार चेंदामेंदा झालेली. खालून नदी दुथडी भरून वाहत होती. माणूस सापडला नाही. आठ दिवस शोधलं, मग शोधणाऱ्यांनी मान हलवली, आणि घरात थोरल्याचा फोटो भिंतीवर लागला.

आता धाकट्याचं दुखणं. त्या गाडीचे ब्रेक त्याने केले होते. आदल्या संध्याकाळी पुढच्या डाव्या चाकाकडे जाणाऱ्या नळीचा नट त्याने बोटांनी फिरवून बसवला, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली म्हणून तो उठला. परत येऊन पाना लावून नट घट्ट केला का? केला असेल. रोजच तर करायचा. पण केल्याचं आठवत नव्हतं. एकोणीस वर्षं तो रोज रात्री डोळे मिटून त्या चाकापाशी जाऊन बसायचा, नट बोटांनी फिरवायचा, हाक ऐकायचा, उठायचा, आणि पुढे सगळी पाटी कोरी. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार? वहिनीला?

तेव्हापासून त्याने एकाही गाडीच्या ब्रेकला हात लावला नाही. ते काम समोरच्या मेकॅनिककडे जायचं. लग्नाचं कुणी काढलं की तो चेपलेला दरवाजा काढून बसायचा. वहिनीने शिवणयंत्र गॅरेजात आणलं आणि गाड्यांच्या सीटा शिवायला लागली. चिमीच्या शाळेच्या सभांना काका जायचा. त्यानंतरही वर्षभर त्याची मडगार्डं कोरीच गेली, आणि एक दिवस त्याने पंच उचलून एक ठिपका मारला. चिमीचा. आपला तेवढा हक्क आहे का, हा प्रश्न त्याने स्वतःला मुद्दाम विचारला नाही.

तर ही अशी माणसं त्या सकाळी बासष्ट वर्षांच्या एका गाडीत बसून समुद्राकाठच्या शहराकडे निघाली होती. गाडी मलईच्या रंगाची, गोल दिव्यांची, पुढून पाहिलं तर कायम आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा. तिथे जुन्या गाड्यांचा मेळावा होता. पत्रा धाकट्याने सरळ केलेला. मालक दातांचा डॉक्टर. त्याची पाठ धरली होती म्हणून तो आगगाडीने पुढे गेला होता.

"दातांचा डॉक्टर म्हणजे तुमच्याच धंद्यातला की," वहिनी म्हणाली. "भोक बुजवायचं, वरून पॉलिश, आणि दुखलं तर परत या."

वहिनी सोबत आली ती दोन कारणांनी. सीटा तिने शिवल्या होत्या, आणि मेळाव्यात कुणी त्यांवर पाय ठेवून चढला तर त्याला सुनावायला कुणीतरी हवं होतं. दुसरं म्हणजे चिमी त्याच शहरात एका दवाखान्यात नोकरीला होती. तिने फोनवर बजावलं होतं, की आई, रस्त्यात जे जे विचित्र दिसेल त्याचा फोटो काढ, एकही सोडू नकोस.

आणि दिसतही होतं. टायरांचा हत्ती दिसला, त्याची सोंड कुणीतरी चोरून नेलेली. चपलेच्या आकाराचं चपलांचं दुकान दिसलं. रिकाम्या बाटल्यांचं घर दिसलं, आणि त्याच्या दारात 'इथे दारू मिळत नाही' अशी पाटी. मोडक्या विमानात उघडलेलं हॉटेल दिसलं. त्याच्या पंखावर बनियन वाळत घातलं होतं. वहिनी प्रत्येक ठिकाणी "थांबवा, थांबवा" म्हणायची, पण धाकट्याला थांबवायला सांगावंच लागत नसे. तो मुळात इतका हळू चालवत होता की फोटो चालत्या गाडीतून निघाले असते.

"भावजी, ते वळण अजून अर्धा मैल लांब आहे. आत्तापासून कशाला ब्रेक दाबताय?"

"जुनी गाडी आहे वहिनी."

"गाडीपेक्षा चालवणारा जुना वाटायला लागलाय."

दुपारी रस्त्याकडेला चहाची टपरी आली. टपरीपुढे विटांच्या ओट्यावर एक जुनी निळी गाडी चढवून ठेवली होती. चाकं काढलेली, बॉनेटच्या जागी माती भरलेली, आणि खिडक्या-खिडक्यांतून लाल-पिवळी फुलं बाहेर डोकावणारी. येणारे-जाणारे तिच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते.

"ही तर चिमीला फार आवडेल," म्हणत वहिनी आधी चहा सांगायला गेली.

धाकटा गाडीपाशी गेला. डेंटर माणूस गाडीची फुलं बघत नाही. त्याने सवयीने पत्र्यावर नजर फिरवली, मागचा दरवाजा गंजलेला, छप्पर दोन ठिकाणी बसलेलं, ठीक आहे, वय झालंय. मग नजर पुढच्या डाव्या मडगार्डवर आली आणि तिथेच थांबली. हे मडगार्ड कुणीतरी दुरुस्त केलं होतं. असं केलं होतं की गोलाईवर उजेड एका दमात वरून खाली घसरत येत होता, कुठे अडखळत नव्हता. कुंडी झालेल्या गाडीवर इतकी मेहनत कुणी करतं? असा हात धाकट्याने आयुष्यात दोघांचाच पाहिला होता, आणि ते दोघेही आता नव्हते.

त्याने वाकून मडगार्डखाली हात घातला, दुमडलेल्या पट्टीवरून बोटं सरकवली. काही लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. हात आपोआप गेला, इतकंच.

ठिपका लागला.

ठिपका डावीकडे कललेला होता. त्याने बोट त्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. ही कड, हा कल, हे त्याला स्वतःच्या दाढेसारखं माहीत होतं. दादा! दादा जिवंत आहे! त्याला ओरडावंसं वाटलं, तिथेच मटकन खाली बसावंसं वाटलं. एकोणीस वर्षांचा धोंडा छातीवरून कुणीतरी उचलतंय असं वाटलं, आणि बोट आनंदाने एवढंसं पुढे सरकलं.

दुसरा ठिपका लागला. आणि त्याच्या शेजारी तिसरा.

धाकट्याने दुसरा हात ओट्यावर टेकला. त्याने परत मोजलं. तीन. उलटीकडून मोजलं. उलटीकडूनही तीनच. घरात जितकी पोरं, तितके ठिपके. थोरल्याच्या घरात एक पोरगी होती, आणि ती काल फोनवर विचारत होती, काका, टायरांचा हत्ती अजून आहे का तिथे?

"ओ दादा, झाडं उपटू नका हं," टपरीवाली बाई हातात फडकं घेऊन आली.

"हे मडगार्ड..." धाकट्याने बोट तिथेच ठेवलं. "हे कुणी केलं?"

"ते होय? एका ट्रकवाल्याने मागे घेताना ठोकलं. झाली तीन वर्षं. पुढच्या गावात एक डावऱ्या आहे, त्याने करून दिलं. दोन दिवस घासत बसला होता. मी म्हटलं, बाबा रे, ही काही चालायची नाही, फुलझाडं आहेत हिच्यात. तर म्हणतो, कुंडी झाल्याचं गाडीला कुठे माहीत आहे?"

ते वाक्य धाकट्याने थोरल्याच्याच आवाजात ऐकलं. भंगारात निघालेल्या गाड्यांबद्दल थोरला असंच बोलायचा, की भंगार झाल्याचं तिला कुठे माहीत आहे?

"दिसायला कसा आहे?"

"कसा म्हणजे? माणसासारखा." मग तिला त्याचा चेहरा दिसला असावा, कारण ती जरा नीट बोलली. "उंच आहे. कानाखाली भाजल्याचा डाग आहे इथे. ओळखीचा आहे का तुमच्या?"

डाग वेल्डिंगच्या ठिणगीचा होता. थोरला चौदा वर्षांचा आणि धाकटा बारा वर्षांचा असताना उडालेली ठिणगी. गॅस धाकट्याच्याच हातात होता. धाकट्याने नुसती मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते त्यालाही कळलं नाही.

तेवढ्यात वहिनी दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन आली. "घ्या, गरम आहे तोवर. अहो भावजी! चेहरा का असा? भूत पाहिलंत की काय?"

"पित्त झालंय."

"सकाळपासून तुम्ही दोन बिस्किटं खाल्लीत. पित्त व्हायलाही काहीतरी खावं लागतं." मग तिची नजर त्याच्या हातावर गेली. चार बोटांवर मडगार्डखालची ओली माती लागली होती. तिने गाडीकडे पाहिलं. मडगार्डकडे पाहिलं. डेंटरच्या घरात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला बोटांवरची माती वाचता येते.

"धरा," म्हणत तिने दोन्ही ग्लास त्याच्या हातात दिले. तिला अडवावं असं त्याच्या मनात आलं, पण दोन्ही हातांत उकळता चहा घेऊन माणूस कुणाला अडवणार? वहिनी वाकली. रोज उलट्या बाजूने शिवण चाचपणारी तिची बोटं, त्यांना शोधावं लागलंच नाही.

"एक," ती म्हणाली. आणि तिचा चेहरा असा उजळला की धाकट्याने मान फिरवली. पुढचं त्याला बघवणार नव्हतं.

दोन आणि तीन तिने तोंडाने म्हटलं नाही. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. एक कुटुंब फोटो काढायला आलं, थोडा वेळ थांबलं, आणि बाई हलत नाही म्हणून कुरकुरत निघून गेलं.

"वस्तादांचा आणखी कुणी शिष्य होता का?" तिने खाली बघतच विचारलं.

"नाही."

"आणि हे डावऱ्या हाताचे."

"हो."

वहिनी सरळ झाली. तिने आपला ग्लास घेतला आणि तो उकळता चहा पाण्यासारखा पिऊन टाकला. पदराने तोंड पुसलं. रडली नाही, ओरडली नाही. धाकट्याला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

"चिमीला धरलंय त्यात," ती म्हणाली. "मोजताना तरी विसरले नाहीत." मग टपरीवालीकडे वळून, "बाई, त्या डावऱ्याचं दुकान गावात कुठे आहे?"

"पाण्याच्या टाकीशेजारी. रस्त्यावरच आहे, चुकायचं नाही."

"चला भावजी."

"वहिनी, आधी जरा बसा. विचार करू. असं एकदम..."

"गाव वाटेतच आहे ना? मग वाट वाकडी करायचंही कारण नाही."

चाळीस किलोमीटर. त्या चाळीस किलोमीटरांत रस्त्याकडेला काय होतं ते दोघांनाही पुढे कधी सांगता आलं नाही. फोन वहिनीच्या मांडीवर पालथा पडलेला होता. धाकट्याचं डोकं सुन्न झालं होतं आणि त्या सुन्नपणात एक एक गोष्ट येऊन आपटत होती. आपण ज्याला मारलं म्हणून एकोणीस वर्षं मेल्यासारखे जगलो, तो इथे मडगार्डं घासतोय. त्याला संताप आला. संतापाच्या मागोमाग सुटका आली, आणि सुटका झाली म्हणून शरम वाटली, कारण शेजारी ही बाई बसली होती. आणि मग, तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, त्याला नवीनच भीती वाटली. ब्रेक खरंच लागले नसतील तर? नट सुटला असेल, दादाने उडी मारली असेल, वाचला असेल, आणि धाकट्या भावाने आपल्याला मरायला पाठवलं या रागानेच तो परत आला नसेल तर? मग तर हिचा नवरा गेला तो माझ्यामुळेच, चिमीचा बाप गेला तो माझ्यामुळेच. फक्त मेला नाही, इतकंच.

त्याचा पाय ब्रेकवर गेला.

"भावजी," वहिनी समोर बघत म्हणाली, "रस्ता सरळ आहे."

पाण्याची टाकी लांबूनच दिसली. तिच्या सावलीत पत्र्याची शेड, शेडमागे छोटं घर, घराला टेकून उभ्या केलेल्या दोन सायकली, एक मोठी, एक लहान. शेडमध्ये एक उंच माणूस कुठल्याशा दरवाजावर वाकलेला. हातोडी डाव्या हातात. टक, टक-टक, मध्ये थांबणं, परत टक. तो ताल धाकट्याने लहानपणी झोपेत ऐकला होता. त्याने गाडी बरोबर शेडसमोर थांबवली आणि इंजिन बंद केलं. उतरायचं त्याच्याने होईना.

माणसाने मान वर केली. केस पांढरे, पाठ जराशी वाकलेली, कानाखाली तो डाग. थोरलाच. पण डेंटर माणूस समोर गाडी आली की आधी गाडीच बघतो. आत कोण आहे हे त्याने पाहिलंच नाही. हात फडक्याला पुसत, डोळे बारीक करत, तो त्या मलईच्या गोलाईकडे हरखून बघत आला.

"वा! काय हात आहे हो!" तो म्हणाला. "कुणाचं काम?"

तो वाकला. त्याचा डावा हात मडगार्डखाली गेला, आपोआप, सवयीने. धाकट्याला काचेतून फक्त त्याची वाकलेली मान दिसत होती. मान हळूहळू ताठ झाली. बोटांना एक ठिपका लागला होता. उजव्या हाताचा.

थोरल्याने वर पाहिलं. काचेतून भावाकडे पाहिलं, मग शेजारी पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला आणि हातातलं फडकं कधी खाली पडलं ते त्याला कळलं नाही.

"धाकट्या," तो म्हणाला. मग मूर्खासारखं, काहीतरी बोलायला हवं म्हणून, "एकच का रे?"

"एकच आहे," धाकटा म्हणाला. "तुझीच आहे ती. तेवीस वर्षांची झाली."

मागच्या घराचं दार उघडलं. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी उंबऱ्यात आली, "बाबा, जेवण गार होतंय," म्हणाली आणि पाहुणे बघून आत पळाली. तिची हनुवटी हुबेहूब चिमीची होती. वहिनीने ती पाहिली. धाकट्याने वहिनीला ती बघताना पाहिलं, आणि आपण आंधळे असतो तर बरं, असं त्याला वाटलं.

वहिनी दार उघडून खाली उतरली.

"मी सगळं सांगतो," थोरला घाईघाईने म्हणाला. "मी तेव्हा... माझं असं झालं होतं की... तू आत तरी ये, बस. मी पहिल्यापासून सांगतो."

"नको," वहिनी म्हणाली. "पहिल्यापासूनचं मला काही ऐकायचं नाही. मला एकच विचारायचंय, त्याचं खरं उत्तर द्या. त्या गाडीचे ब्रेक लागत होते का?"

धाकट्याने वहिनीच्या पाठीकडे पाहिलं. हिला कसं कळलं?

थोरला गोंधळला. ज्या प्रश्नांची उत्तरं त्याने एकोणीस वर्षं मनात घोकून ठेवली असतील, त्यांत हा प्रश्न नव्हता. "ब्रेक?"

"ब्रेक. धाकट्या भावजींनी केलेले."

"ब्रेकना काय झालंय? उत्तम होते ब्रेक. अर्धाअधिक घाट उतरलो मी त्या गाडीने. कड्यावर उभी केली, आणि मग..." त्याने मान खाली घातली. "हँडब्रेक काढून ढकलली. मीच ढकलली. पण हे का विचारतेस?"

वहिनी वळली. खिडकीशी आली, वाकली, आणि आत बसलेल्या दिराच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ऐकलंत भावजी?"

धाकट्याने ऐकलं होतं. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देऊन रडत होता, पन्नाशी उलटलेला माणूस, भर रस्त्यात, जाणाऱ्या-येणाऱ्यांना न जुमानता. वहिनी फेरा घालून आली, शेजारी बसली, दार ओढून घेतलं. थोरला खिडकीशी आला. "थांबा जरा," म्हणाला, "अगं, चिमी कशी आहे, एवढं तरी..."

"चांगली आहे," वहिनी म्हणाली. "काकाने चांगली वाढवली. चला भावजी."

धाकट्याने गाडी सुरू केली. पाण्याची टाकी आरशात लहान लहान होत गेली. मग धाकट्याने बाहीने नाक पुसलं.

"तुम्हाला ब्रेकचं कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. त्या वर्षी तुम्हाला ताप भरला होता, आठवतंय? तीन दिवस नुसतं नट, नट, नट करत होतात. पाना लावला का, पाना लावला का. कपाळावरच्या पट्ट्या मीच बदलत होते."

धाकटा थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिला. एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं या बाईने त्याला दोन वेळचं वाढलं होतं, चिमीचं बोट त्याच्या हातात दिलं होतं, समोर बसून सीटा शिवल्या होत्या, आणि याने कदाचित आपला नवरा मारला असेल, हे तिला ठाऊक होतं.

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तुम्हालाच माहीत नव्हतं, मला कुठून माहीत असणार?" तिने खिडकीबाहेर बघितलं, घसा खाकरला. "रस्त्याकडे बघा. माझ्याकडे काय बघताय?"

त्याने रस्त्याकडे पाहिलं. लांब उतार होता आणि खाली वळण.

"चिमीला काय सांगायचं?"

"रस्त्यात काय काय पाहिलं ते विचारणारच आहे ती," वहिनी म्हणाली. "सांगू. तिच्यासमोर बसून सांगू, फोनवर नको."

गाडी उतारावर वेग घेऊ लागली. धाकट्याने ती घेऊ दिली. वळण अगदी समोर आलं तेव्हा त्याने पाय दाबला, आणि गाडी शहाण्यासारखी हळू झाली.

"पुढच्या गाडीचे ब्रेक मी करीन म्हणतो," तो म्हणाला.

"करा की," वहिनी म्हणाली. "फक्त मध्येच कुणी हाक मारली तर उठू नका."